माकणीच्या वस्तऱ्याचा खिळा

मामा, तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुमच्या पाटावर घरातलं कुणी बसलं नाही, माझ्याशिवाय. आत्यांनी सासूपणा न करता एकदा विचारलं, "उचलून ठिवू का गं त्यो पाट?" मी म्हटलं, "राहू द्या, मला लागतो." सासऱ्याच्या पाटावर सून बसते म्हणून गल्लीतल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. लावू देत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "बसली तर बसली, पाट काय उष्टा होतो का?"

सून सासऱ्याशी बोलते ते बहुतेक चहाचं, गोळ्यांचं आणि लाइट गेल्याचं. आपण त्याहून पुष्कळ बोललो. भांडलो तर किती, त्याला गणती नाही. तरी एक गोष्ट राहिली. माकणीच्या अप्पांचा वस्तरा माझ्या हातून फुटला आणि नाव तुमचं गेलं. तुम्ही ते अंगावर घेतलंत आणि मी घेऊ दिलं. त्यानंतर वर्षभर रोज समोरासमोर बसून मी तुम्हाला साधं "चुकलं, मामा" म्हटलं नाही. आता म्हणायला गेले तर समोर नुसता पाट. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहेच, जरा दम धरा.

तुमचं काम लोकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. लग्नानंतर माहेरी गेले की बायका विचारायच्या, "सासरे काय करतेत?" मी सांगायची, "वस्तऱ्याला खिळे बसवतात." त्या हसायच्या. त्यांना वाटायचं मी काहीतरी लपवते आहे. पण तुम्ही खरंच तेच करत होता. अणदूरकडचं आपलं मेंढरावालं घर, लोकर कातरायच्या कातरी दुरुस्त करता करता तुमचा हात बसला आणि तुम्ही तुळजापुरात येऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसलात. देवीच्या गावात बारा महिने लेकरांची जावळं निघतात, तेव्हा वस्तऱ्यांना काय तोटा? अडकित्ते यायचे, कात्र्या यायच्या, पण तुमचा जीव वस्तऱ्यात. पात्याला धार लावणारे पुष्कळ होते. मूठ बदलून खिळा बसवणारे तुम्ही एकटेच.

वस्तऱ्यात असतं तरी काय? एक पातं. मुठीच्या दोन पट्ट्या, शिंगाच्या नाहीतर लाकडाच्या. एका टोकाला खिळा, त्याच्यावर पातं फिरतं. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मध्ये पाचर आणि तिच्यातून दुसरा खिळा. खिळ्याच्या डोक्याखाली मसुराच्या डाळीएवढं वायसर, मध्ये भोक असलेली पितळी टिकली. संपलं. पण त्या दोन खिळ्यांवर सगळं अवलंबून. पातं ढिलं झालं तर न्हाव्याच्या बोटावर मिटतं, घट्ट झालं तर ओल्या हातातून उघडताना निसटतं.

मी हे काम पाहून शिकले नाही, मामा. ऐकून शिकले. नवी नवरी होते, डोक्यावर पदर, तुमच्यासमोर यायची सोय नव्हती. मी आत चुलीपाशी आणि तुम्ही बाहेर शेडमध्ये, मध्ये एक भिंत. दिवसभर तुमच्या बारक्या हातोडीचा आवाज. पहिल्यांदा टिक टिक टिक असा कोरडा यायचा. मग खिळ्याचं डोकं पसरून वायसरवर टेकलं की तोच आवाज जरा जड व्हायचा, आणि तिथं तुम्ही थांबायचात. दोन वर्षं मी भाकरी थापत तो ऐकला. एक दिवस आवाज जड झाला तरी तुम्ही ठोकतच राहिलात, कोणाशी तरी बोलत होता बहुतेक. माझ्या तोंडून आतूनच निघालं, "मामा, बसलं ते, आता फुटंल!" हातोडी थांबली. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. तुम्ही आत्यांना विचारलंत, "ही काय म्हनली?" आत्या म्हणाल्या, "बसलं म्हनली." तुम्ही वस्तरा उजेडात धरून पाहिलात आणि म्हणालात, "हिचं भाकरीकडं ध्यान न्हाय. बाहीर बसू दे हिला."

असं मला बाहेर बसवलंत. सुनेला शेडमध्ये बसवतो म्हणून तुमचे भाऊ चार महिने घरी जेवले नाहीत. तुम्ही म्हणालात, "त्याची भाकरी वाचली."

पहिलं वर्ष तर तुम्ही मला खिळा मारू दिला नाही, फक्त निवडायला लावलंत. पितळेच्या तारेचे तुकडे समोर टाकायचात आणि म्हणायचात, "यातला कोणता घेशील?" मला सगळे सारखेच दिसायचे. मग तुम्ही एकेक तुकडा शहाबादी फरशीवर टाकायचात. कडक तार खणकन वाजायची, मऊ तार ठप्प पडायची. कडक असली तर चुलीच्या जाळात लाल करून थंड होऊ द्यायची, की नरम येते. फार नरम झाली तर डोकं धरत नाही, नुसतं लोळतं. मधली पाहिजे. ती मधली कशी ओळखायची हे तुम्ही कधीच शब्दांत सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचात, "मीठ किती टाकायचं ह्ये तुला कुणी सांगितलं का?"

मला पोलादी खिळ्याचं फार आकर्षण होतं. चकचकीत, गंजत नाही म्हणतात, मजबूत. पितळ तर नखाने ओरखडतं. मी पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा तुम्ही वस्तरा खाली ठेवून माझ्याकडं बघितलंत. "पोरी, पातं बी पोलादाचं आन् खिळा बी पोलादाचा, मग दबायचं कुणी? मुठीनं? ती तर शिंगाची, ती फुटणार. एकानं तर दबाया पायजे. खिळा दबतो, झिजतो, पाच वर्षांनी काडून फेकतो आपन. मूठ ऱ्हाती." हे मी ऐकलं. पण खरं सांगू का, पटलं नव्हतं.

वायसरांचा तर तुमचा छंदच. बाजारात पाकिटातली तयार मिळतात हे तुम्ही मरेपर्यंत मान्य केलं नाही. मोडीच्या दुकानातून जुनी पितळी भांडी आणायचात, पत्रा कापायचात आणि लोखंडी पंच ठोकून एकेक टिकली पाडायचात. त्यातही नियम. देवाच्या समईला, निरांजनाला हात लावायचा नाही. आणि लग्नात आलेल्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं, तेवढा भाग सोडायचा. "कुनाच्या तरी मामानं, मावशीनं नाव घालून दिलेलं अस्तंय. त्येला भोक कशाला पाडायचं?" एकदा माझ्या नजरचुकीनं एका टिकलीवर 'भेट'मधला 'भे' तेवढा आला आणि ती तशीच पुण्याच्या गिऱ्हाइकाला गेली. त्यानं फोटो पाठवून विचारलं, हा कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे? तुम्ही हसून हसून बेजार झालात. म्हणालात, "सांग त्येला, भेकराईच्या कारखान्याचा." असा कारखाना नाही हे त्याला सांगायला मला दोन दिवस लागले.

पुण्या-मुंबईचं हे काम माझ्यामुळं आलं, एवढी बढाई मारू द्या. न्हाव्यांच्या दुकानात अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि जुने वस्तरे देवळीत पडले, तेव्हा आपली शेड सुनी व्हायला लागली होती. मी फोनवरून फोटो टाकले. मग कळलं, जुना वस्तरा हौसेनं जपणारी माणसं शहरात आहेत, रोज त्यानंच दाढी करणारीही आहेत. पार्सलं यायला लागली. तुम्ही पहिलं पार्सल उघडलंत आणि कागदातलं पातं पाहून म्हणालात, "ह्यो मानूस वस्तऱ्याला लेकरासारका गुंडाळून धाडतोय. ह्येचं काम नीट करायचं."

आता अप्पांचं सांगते.

मागच्या चैत्रात माकणीचे अप्पा आले. स्वतः न्हावी, धरणाजवळच्या त्या गावात पन्नास वर्षं दुकान. दुकानात ब्लेडच वापरतात, पण वडिलांचा वस्तरा जपून ठेवलेला. त्याची शिंगाची मूठ किड्यानं खाल्ली होती. नातवाचं जावळ काढायचं होतं देवीपाशी, आठ दिवसांनी, आणि अप्पांचा हट्ट होता की ते वडिलांच्या वस्तऱ्यानंच निघायला पाहिजे. तुम्ही हो म्हणालात आणि त्याच संध्याकाळी तुमचा दमा उठला. तुम्हाला चार दिवस सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. जाताना एवढंच म्हणालात, "अप्पाचं काम मी आल्यावर."

तुम्ही यायची वाट मी पाहिली नाही. मला वाटलं, येऊन बघतील तर काम झालेलं असेल, खूश होतील.

आपल्याकडं उन्हाळ्यात शिंग तडकतं म्हणून तुम्ही कच्च्या पट्ट्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचात. रांजण पाझरतो, वाळू गार राहते, शिंग नरम राहतं. ही आपल्या घरचीच युक्ती. पण तिथून काढल्यावर चार-पाच दिवस सावलीत वाळवायचं, मगच भोक पाडायचं, तेही खिळ्यापेक्षा केसभर मोठं. "उन्हाळ्याला जागा ठिवायची," असं तुम्ही म्हणायचात. मी वाळूतून पट्ट्या काढल्या, पुसल्या आणि दुपारी भोकं पाडली. ओलं शिंग लोण्यासारखं कापलं गेलं, मला वाटलं हात बसला आपला. भोक खिळ्याच्या मापाला अगदी बरोबर. आणि खिळा? पोलादी. पितळेची तार हातात घेतली होती, परत ठेवली. देवीपुढचं काम, नातवाचं डोकं, खिळा कसा पक्का पाहिजे! ठोकताना मूठ पक्की बसली, जराही हलत नव्हती. तुम्ही आलात तेव्हा वस्तरा अप्पा घेऊन गेले होते; दवाखान्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, तुम्हीच केला असं ते धरून चालले आणि मी चालू दिलं. मी तुम्हाला सांगितलं, "दिलं करून." तुम्ही विचारलंत, "शिंग कवा काडलं व्हतं?" मी म्हटलं, "झाले दिवस." खोटं बोलले, मामा.

जावळाच्या दिवशी ऊन असं होतं की फरशीवर पाय ठेववत नव्हता. शिंग आकसलं. पोलाद दबलं नाही. अप्पांच्या हातात, अर्धं डोकं झालेलं असताना मूठ खिळ्यापासून खालपर्यंत उभी फुटली. लेकराला काही लागलं नाही, देवीची कृपा. दहा मिनिटांत अप्पा शेडच्या दारात, मागं त्यांची सून, तिच्या कडेवर अर्धं डोकं तुळतुळीत आणि अर्ध्यावर केस असलेलं पोरगं. ते एकटंच हसत होतं.

अप्पा ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. फुटलेली मूठ तुमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "माज्या बापाचा वस्तरा हाय ह्यो. देवीच्या दारात फुटला."

मी तोंड उघडलंच होतं. शपथ. तुम्ही मूठ उचललीत, खिळ्याकडं पाहिलंत, पोलादी खिळा तुम्हाला लगेच कळला. शिंग नाकाशी नेलंत. वाळूचा वास आला असणार. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "चुकलं माजं, अप्पा. हात थरथरतोय आता. म्हातारा झालो."

तुमचा हात! शेवटच्या दिवशीही भरल्या कपातला चहा सांडला नाही तुमच्या हातून.

अप्पा पातं पंच्यात गुंडाळून निघून गेले. तुम्ही नवी मूठ करून देतो म्हणालात, त्यांनी ऐकलं नाही. जावळ शेवटी ब्लेडनं पुरं झालं. आणि महिन्याभरात सगळ्या न्हाव्यांमध्ये झालं, मामांचा हात गेला. अणदूर, लोहारा, सगळीकडं. उरलेसुरले जुने वस्तरे यायचे तेही बंद झाले. बसस्टँडवरचा तुमचा दोस्त, ज्याच्या वडिलांचे वस्तरे तुम्ही केले होते, तोसुद्धा कात्री सोलापूरला धाडू लागला. तुम्ही पाटावर बसून पुण्याची पार्सलं करत राहिलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त माझ्यापुढं तारेचे तुकडे टाकलेत आणि म्हणालात, "यातला कोणता घेशील?" जणू मी कालच आले होते. मी रडत रडत निवडला. तुम्ही म्हणालात, "फरशीवर टाकून बग, डोळ्यातलं पानी काय सांगतंय?"

त्याच आठवड्यात तुम्ही अप्पांसाठी म्हणून शिंगाच्या पट्ट्यांची नवी जोडी कापलीत आणि फळीवर वाळत ठेवलीत. वर्षभर ती तिथंच होती. पुण्याच्या एकानं फोटोत पाहून ती मागितली, तुम्ही दिली नाही.

मी का बोलले नाही? पहिल्यांदा तुमची भीती वाटली म्हणून. मग लाज वाटली म्हणून. मग दिवस गेले, आणि उघड्यावर राहिलेल्या गोष्टीवर धूळ बसते तशी बसली. खरं कारण वेगळंच आहे. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत हे मला आवडत होतं. मला माझ्या बापानंही कधी असं पाठीशी घातलं नव्हतं. ते सुख मला सोडवत नव्हतं.

तुमच्या दहाव्याला अप्पा आले. पहिल्या गाडीनं, न बोलावता. ह्यांचं डोकं मी करतो म्हणाले. पिशवीतून वडिलांचं पातं काढलं. मूठ नाहीच, पात्याच्या मागच्या शेपटाला चिंधी गुंडाळलेली. त्या चिंधीच्या मुठीनं त्यांनी तुमच्या लेकाचं डोकं केलं, एक ओरखडा नाही. आम्ही बायका लिंबाखाली उभ्या होतो. पिंड ठेवला आणि लोक मागं सरतात न सरतात तोच कावळा आला, शिवला, गेला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. तुमचं काही अडलेलं नव्हतंच, मामा. अडलं होतं ते माझं.

नंतर सगळे चहाला टेकले. गावातले पाच-सहा न्हावी आले होते, जुनी ओळख म्हणून. अप्पा पातं पुसत होते. म्हणाले, "लई मोटा कारागीर. शेवटाला हात गेला, न्हायतर असा खिळा मारनारा मानूस म्या बगितला न्हाय."

मी पदर सोडून पुढं झाले. म्हटलं, "त्यांचा हात गेला नव्हता, अप्पा. तुमचा वस्तरा मी केला होता. ओल्या शिंगात पोलादी खिळा मारला. मामा तेव्हा दवाखान्यात होते."

ह्यांचा चहा बशीतच राहिला. ह्यांनाही माहीत नव्हतं. अप्पांना पहिल्यांदा समजलंच नाही, मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "मग त्येनी असं का सांगितलं?"

उत्तर आत्यांनी दिलं. दहा दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. चहाची किटली हातात, तशाच म्हणाल्या, "बाईनं फोडला म्हनलं असतं तर तुमी हिच्या हातात परत वस्तरा दिला असता का? त्येंला म्हाईत व्हतं, आपन आज हाव उद्या न्हाय. हिला उद्या बी बसायचं व्हतं."

आत्यांना सगळं माहीत होतं, मामा! तुम्ही त्यांना सांगितलं होतं की त्यांनी ओळखलं होतं, मी विचारलं नाही. वर्षभर माझ्या ताटात भाकरी वाढताना त्या एकदाही बोलल्या नाहीत. तुम्ही दोघं सारखेच.

अप्पा उठले. "म्या माकनीपसून लोहाऱ्यापत्तर सांगत फिरलो, मामाचा हात गेला म्हनून," एवढंच म्हणाले आणि पातं गुंडाळून, चहा न घेता गेले. बाकीचेही एकेक करून उठले. मला वाटलं, झालं. तुम्ही वर्षभर झाकून ठेवलेलं मी दहा मिनिटांत उघडं केलं आणि तुमच्या पाटाखालची जमीनच काढून घेतली. ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, "गरज होती का?" मी म्हटलं, "मला होती."

पाच दिवसांनी अप्पा परत आले. शेडच्या दारात उभे. म्हणाले, "राग तुज्यावर न्हाय, पोरी. माजा माज्यावर हाय. ज्येची माफी मागायची त्यो तर न्हाय. म्या सगळ्या दुकानात जाऊन सांगून आलो, हात शाबूत व्हता मामाचा." आणि पंचा सोडून पातं माझ्यापुढं ठेवलं. "तूच कर."

मी फळीवरची जोडी काढली. वर्षभर सावलीत वाळलेली, एवढा उन्हाळा खाऊन बसलेली, तिला आता काय होणार? तरी भोक केसभर मोठंच पाडलं. तारेचे तुकडे फरशीवर टाकले आणि मधला निवडला. पहिल्या झटक्यात नाही, तिसऱ्यात. वायसरं तुमच्याच डबीतली, जुन्या पितळी तांब्याच्या कडेच्या पत्र्याची.

मग आपलं ते भांडण आलं. पातं आणि मूठ यांच्या मध्ये आतून पातळ वायसर घालायचं की नाही. तुम्ही शेवटपर्यंत नाही म्हणालात. आत साबण अडकतो, केस अडकतात, गंज तिथूनच लागतो. मी म्हणायची, घातलं नाही तर झिजलेलं पातं एका बाजूला कलतं आणि मुठीला घासतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या सकाळीही आपण त्यावरच वाद घातला. मी म्हटलं, "तुम्ही ऐकूनच घेत नाही." तुम्ही म्हणालात, "ऐकून घितलं, पटलं न्हाय. उद्या परत सांग." उद्याला तुम्ही नव्हता.

अप्पांच्या पात्याचं शेपूट शंभर वर्षं घासून बारीक झालेलं. बिनवायसराचं ते उजवीकडं कललं. मी खूप वेळ बसले त्याच्यापुढं. तुमची बाजू स्वतःच मांडली, माझीही मांडली. शेवटी म्हटलं, हा वस्तरा काही रोज साबणात बुडायचा नाही. वर्षातून दोन-तीन जावळं, लगेच पुसून तेल लावून ठेवायचा. आत वायसर घातलं. पातं बरोबर मध्यावर उभं राहिलं. मी जिंकले, मामा, आणि इतका राग आला मला. जिंकून सांगायचं कुणाला? रोज वापरायच्या वस्तऱ्याला मात्र घालणार नाही, तिथं तुमचंच खरं.

खिळ्याचं डोकं बसवताना डोळे मिटले. टिक टिक टिक. आवाज जड झाला, थांबले. मग आठ दिवस वस्तरा पत्र्याखालच्या उकाड्यात ठेवून रोज भिंगातून बघितला. केसाएवढीही चीर नाही.

तुमचे उपकार मानायचे तर कशाकशाचे मानू? चुलीपाशी बसलेल्या बाईला आवाज कळतो हे तुम्ही ओळखलंत. पुढच्या दारानं मला बाहेर आणलंत. माझ्या खोटेपणाला एकदाही खोटेपणा म्हटलं नाहीत. मला मात्र एकच म्हणायचं होतं आणि ते आज म्हणते. चुकलं माझं, मामा.

काल अप्पा वस्तरा न्यायला आले. उभ्या उभ्या अंगठ्यानं पातं उघडलं, मिटलं, परत उघडलं. कानाशी नेऊन हलवलं. उजेडात धरून दोन्ही पट्ट्यांच्या मधून पाहिलं. आतलं वायसर त्यांना दिसलं. पंच्यात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "दुकानात कुनी इचारलं तर काय सांगू? मामाच्या घरचा हाय म्हनू?"

तसं म्हटलं असतं तर चाललं असतं. तुमच्या नावाखाली ऊन लागत नाही.

मी म्हटलं, "सुरेखानं केलाय म्हणून सांगा."

अप्पा दारात थांबले. "आन् फुटला तर?"

"तरी सुरेखानंच."